घरटी एक माणूस

२९ मार्च, रविवार. मोड आलेले वाल सोलायला घेतले होते. हे काम बसून करायचं असलं तरी विश्रांतीचं नाही. वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक चिमटीत धरून दाबायचा, डाळिंबी सुटून ताटात पडते आणि साल बोटाला चिकटून राहतं. वालाचं बिरडं घरात सगळ्यांना लागतं, सोलायला मी असते. नवरा गिरणीवर होता. मार्चअखेर म्हणजे मसाल्याचे दिवस, मिरच्यांचे डबे दारापर्यंत लागलेले. मी एक डोळा वालावर आणि एक डोळा समोर उघड्या ठेवलेल्या फाईलवर ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या फाईलवर माझी तोंडी परीक्षा होती. विषय समाजशास्त्र, वर्ग प्रथम वर्ष कला, वय सत्तेचाळीस.

फाईलमध्ये एक वाक्य होतं. ते काढायचं की ठेवायचं, हे मला त्या दिवशी ठरवायचं होतं. काढलं तर उत्तम मार्क मिळणार होते. ठेवलं तर सर शून्य देणार होते आणि माहेरचं दार बंद होणार होतं. वाक्य असं: ‘बांधाच्या कामाला दोन बायका मिळून एक माणूस धरतात.’

मी रोह्यात पिठाची आणि मसाल्याची गिरण चालवते. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, आमच्यात तेव्हा सगळ्याच मुलींचं राहायचं. मुलगी शिकून नोकरीला लागली, सकाळचे तास मोकळे झाले, तेव्हा मी सकाळच्या कॉलेजात नाव घालायला गेले. मधली इतकी वर्षं काय करत होतात याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिलं. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “कॉमर्स घ्या ना. गिरण आहे म्हणता, तर हिशेबाला उपयोग होईल.”

“हिशेब येतो मला.”

“मग आर्ट्सचा काय उपयोग?”

हा प्रश्न पुढचं वर्षभर मी ऐकला. नणंदेने विचारला, शेजारणींनी विचारला, दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी विचारला. नणंद म्हणाली, “एवढी हौस असेल तर पार्लरचा कोर्स कर, चार बायका तरी येतील.” आमच्या आळीत केमिकलचा डिप्लोमा केलेली दोन मुलं आहेत. कंपनीत कंत्राटावर बाटल्यांना लेबलं लावतात. त्यांना कोणी उपयोग विचारत नाही. माणसं एकत्र कशी राहतात, कोण कोणाला राबवतं, कोणाचा शब्द चालतो आणि का चालतो, हे शिकायला गेलं की मात्र सगळ्यांना उपयोगाची काळजी वाटायला लागते.

कॉलेजातही तेच. सायन्सच्या मुलांना प्रॅक्टिकलसाठी खोली कमी पडली की आमचा तास व्हरांड्यात. फळा भिंतीला टेकवून ठेवायचा आणि सरांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत शिकवायचं. समाजशास्त्राचे सर तासिकेवरचे. सकाळी रोहा, दुपारी पेण, पाठीवर सॅक, हातात हेल्मेट. त्यांच्याविषयी मला वाईट बोलायचं नाही. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि शिकवायला व्हरांडा होता. मग ते सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो.

एकदा त्यांनी सांगितलं, “ग्रामीण समाज परस्पर सहकार्यावर आधारलेला असतो. लिहा. सार्वजनिक कामात प्रत्येक कुटुंब आपला वाटा उचलतं.”

मी हात वर केला. “सर, त्या वाट्यात बाई किती धरतात?”

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी कोलाडची मुलगी मला कोपर मारून म्हणाली, “काकू, नसतं विचारू नका, चहाची वेळ झालीय.”

सर म्हणाले, “कुटुंब म्हटलं की त्यात बाई आलीच, मॅडम.”

ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण कुटुंब म्हटलं की बाई आलीच, हे खोटं आहे हे मला माहीत होतं. ते मी लहानपणी बघितलं होतं, फक्त त्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं, खारगाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध. मोठ्या उधाणाला बांध फुटतो. जिथे फुटतो त्याला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं धड पिकत नाही. म्हणून खांड गेली की गावात हाळी फिरते, ‘घरटी एक माणूस’. ज्या घरचा माणूस बांधावर आला नाही, त्या घराला उघाडीच्या मासळीत वाटा नाही. उघाडी म्हणजे पाणी आतबाहेर करायचं बांधातलं दार. तिथे जाळं लावतात आणि मिळेल ती मासळी सगळ्या घरांत वाटतात. मासळी मूठभर असते, तिच्यावाचून कोणी उपाशी मरत नाही. पण वाटा नाही म्हणजे ते घर गावात धरलेलं नाही.

माझे वडील लवकर गेले. घरात आई, मी आणि रांगता भाऊ. हाळी आली की आई घमेलं घेऊन निघायची, पण तिने एकटीने जाऊन भागायचं नाही. एकटी बाई म्हणजे अर्धी. म्हणून मिठागरावर कामाला जाणाऱ्या एका विधवेबरोबर तिची जोड होती. दोघी मिळून एक माणूस. एका खांडीला आमचं घर भरायचं, पुढच्या खांडीला तिचं. म्हणजे चिखल दोघींनी दोन्ही वेळेला दिवसभर वाहायचा, आणि दर वेळी दोघींतल्या एकीला मासळी नाही. आई आणि ती बाई हे सगळं बिनबोभाट करायच्या. पावसाला जसं कोणी का म्हणून विचारत नाही, तसं यालाही कोणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत सरांनी प्रकल्प दिला, ‘माझ्या परिसरातील एक सामाजिक संस्था’. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी तो झेरॉक्सच्या दुकानातून घेतला. तिथे तयार मिळतो, वर फक्त आपलं नाव घालायचं. ‘ग्रामपंचायत: रचना व कार्ये’. कोलाडच्या मुलीच्या प्रकल्पात तिच्या गावाला ऊस पिकत होता आणि जवळून कृष्णा नदी वाहत होती.

“अगं, कोलाडला कृष्णा कुठून आली?”

“येऊ दे ना काकू. आपल्या कुंडलिकेला सोबत.”

तिला चांगले मार्क पडले. मी बांधावर लिहिलं. बांध कसा घालतात, हाळी कोण देतो, मोजायला कोण उभा राहतो, वाटे कसे पडतात, सगळं. आणि ते वाक्य. सरांनी खरोखर वाचलं. वाचणारे ते पहिलेच म्हणायला हवेत.

“मॅडम, विषय चांगला आहे. पण या वाक्याला आधार काय? कुठे छापलेलं आहे?”

“छापलेलं नाही. मी बघितलंय.”

“लहानपणी. आज गावातलं कोणी सांगेल?”

“सांगेल की.”

“मग मुलाखत जोडा. नाहीतर वाक्य काढा. तपासायला बाहेरचे येतात. त्यांनी हे काल्पनिक आहे म्हटलं तर मला शून्य लिहावं लागेल.”

कृष्णा नदी कोलाडला आणली ती काल्पनिक नव्हती. ती टाईप केलेली होती, तिला स्पायरल बाइंडिंग होतं. मला इतका संताप आला की मी गिरणीवर जाऊन त्या दिवशी एका बाईची हळद दोनदा दळली.

फेब्रुवारीत मी खारगावला गेले. आई आता भावाकडे असते. भाऊ नागोठण्याच्या बाजूला कंपनीत आहे, तिन्ही शिफ्ट करतो. आई ओटीवर सुका जवळा निवडत बसली होती, भाऊ नुकताच झोपून उठला होता. मी कागद काढून विचारलं, बांधावर दोन बायकांची जोड धरतात, ते कधीपासून?

भावाने चहाची बशी खाली ठेवली. “कोन बोललं तुला?”

“कोण बोलायला कशाला हवं? आई जायची नाही का?”

“आई मदतीला जायची. तसं काय नव्हतं.”

“अर्धी धरायचे तिला.”

“ताई, असं काय नव्हतं न् आताबी नाय. तू ते कॉलेजात लिवशील, मंग कोनतरी पेपरात देईल, का हे गाव बायांना अर्धी धरतं. तुझं काय, तू रोह्यात. आमाला हितं रायचंय.”

“मी गावाचं नाव पण घालत नाहीये.”

“बांध बोल्लीस की गाव आलं. लिवलंस तर या घरात यायचं नाय. सांगून ठेवतो.”

मी आईकडे बघितलं. तिचे हात थांबले नाहीत. जवळ्यातला कचरा वेगळा करत, मान न उचलता ती म्हणाली, “नव्हतं गो तसं काय. नको लिवू.”

ती ज्या घरात जेवते त्या घरात बसून ती वेगळं काय म्हणणार, हे मला कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही. वाढतोच. वहिनी चुलीपाशी होती, ती आत-बाहेर करत राहिली, एक शब्द बोलली नाही. मी चपला घातल्या तेव्हा दारात येऊन एवढंच म्हणाली, “ताई, बस चुकेल.”

त्यानंतर भावाचा फोन नाही, माझा नाही. पाडव्यालाही नाही. प्रकल्प माझ्याकडे तसाच, वाक्यासकट. मुलाखत नाही, आधार नाही. कोलाडच्या मुलीने सल्ला दिला, “काकू, एक वाक्य खोडून टाका. एवढ्याशा वाक्यासाठी वर्ष घालवताय का?” एवढंसं वाक्य होतं खरं. पण ते काढलं की बाकीची सगळी पानं खोटी पडत होती. त्या पानांत गाव गुण्यागोविंदाने बांध बांधत होतं आणि प्रत्येक कुटुंब आपला वाटा उचलत होतं. मग मी आणि कृष्णा नदी यात फरक काय राहिला?

तर त्या रविवारी वाल सोलता सोलता फोन वाजला. भाऊ. मी ओल्या बोटानेच उचलला.

“ताई, काय करतेस?”

“वाल सोलतेय.”

“बिरडं काय? मजा हाय.” मग लगेच, “ताई, ऐक ना. पाडव्याच्या उधाणाला खांड गेली आपल्या कोपऱ्याला. उद्याच्याला भरायची हाय. पुनवेचं पानी यायच्या आत झाली पायजे.”

“बरं मग?”

“मला सकाळची शिफ्ट. सुट्टी देत नायत, शटडाऊन हाय. मंग हिलाच पाठवायला लागेल.”

“पाठव.”

“एकटी जाऊन कशी चालेल? आईला आता चिखलात उतरवत नाय. तू आलीस तर जोड होईल.”

मी हातातला वाल पाण्यात सोडला. “काय होईल?”

“जोड. जोड ठाऊक नाय काय तुला?”

“ती एकटी गेली तर?”

“एकटीला अर्धी धरतात ना. घर भरत नाय. काय लहान पोरीगत विचारतेस?”

“हात ओले आहेत, फोन नीट कानाला लागत नाही. परत सांग.”

त्याने परत सांगितलं. मोठ्याने, सावकाश, बहिरीला सांगावं तसं. बाई एकटी आली तर अर्धी. दोघी आल्या तर एक. दिवस मावळेपर्यंत थांबायचं, मधे गेलं तर धरत नाहीत. फेब्रुवारीत ओटीवर आपण काय बोललो होतो, त्याला आठवतही नव्हतं. असं नाही की तो खोटारडा आहे. कॉलेजसाठी विचारलं तेव्हा ती गावाची बदनामी होती. खांड भरायची वेळ आली तेव्हा ती नेहमीची रीत होती. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

“उद्या परीक्षा आहे माझी,” मी म्हटलं.

“कसली?”

“कॉलेजची.”

“ती परत देता येते ताई. खांड थांबत नाय.” आणि मग हळू आवाजात, “घर भरलं नाय तर हिला बोलतात बाया. तू बघ काय ते.”

मी येते म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. हात पुसले आणि सरांना फोन लावला.

“सर, त्या वाक्याला आधार मिळाला.”

“छापील?”

“नाही. भाऊ.”

सर हसले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही हे लिहिणार आहात हे त्यांना माहीत आहे?”

“नाही.”

“मग नाही घेता येणार, मॅडम. माहिती देणाऱ्याची संमती लागते. आपण केलंय ते, दुसऱ्या प्रकरणात.”

ते प्रकरण मला पाठ होतं. आणि सर चुकीचं बोलत नव्हते, म्हणून तर जास्त चिडले. बाईला अर्धी धरताना तिची संमती कोणी कधी घेतली नाही. तिला अर्धी धरतात एवढं लिहायचं तर धरणाऱ्यांची संमती हवी. हे मी सरांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “पटतंय हो. पण नियम आहे.”

“तोंडी परीक्षा मंगळवारी घेता येईल?”

“मार्क मंगळवारी सकाळी भरायचेत. उद्या बारापर्यंत मी रोह्यात आहे, नंतर पेण. या तुम्ही. उगाच वर्ष घालवू नका.”

म्हणजे खारगावला दिवस मावळेपर्यंत थांबले तर परीक्षा गेली. रोह्याला परीक्षेला बसले तर वहिनी बांधावर अर्धी ठरली, घर भरलं नाही, आणि बोलणी तिने खायची. मी वाल पुरे केले, फोडणीला टाकले, भात लावला. संध्याकाळी नवरा मिरचीने शिंकत घरी आला. त्याला सांगितलं.

“मग करणार काय?”

“पहाटेच्या गाडीने पेणला जाते.”

“आणि परीक्षा?”

“ती पण देते.”

“दोन्ही कसं होणार?”

“ते अजून माहीत नाही. बिरडं जास्त केलंय, उद्या गरम करून घ्या.”

सोमवारी उजाडायला मी माहेरच्या दारात होते. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खांद्याच्या झोळीत घातलेली. भाऊ कंपनीच्या गाडीने निघून गेला होता. वहिनी साडीचा काष्टा मारून तयार होती. आईने मला वरून खालून बघितलं.

“तुझी परीक्षा ना आज?”

“हो.”

“मंग आलीस कशाला?”

“जोड करायला.”

आई आत जाऊन एक जुनं लोखंडी घमेलं घेऊन आली. त्याच्या काठाला चिंधी गुंडाळून शिवलेली होती. “हे घे. याचा काठ बोचत नाय,” म्हणाली आणि चुलीकडे वळली. फेब्रुवारीत मला जी मुलाखत हवी होती, ती एवढीच होती.

बांधावर माणसं जमली होती. खांडीच्या तोंडाशी पुरुष चिखल कापत होते, बाया रांग धरत होत्या. मोजायला एक वयस्कर गृहस्थ उभे, डोक्याला टॉवेल, हातात काठी. गावात त्यांना सगळे काका म्हणतात, मीही. काठी आमच्याकडे करून त्यांनी भावाच्या घराचं नाव घेतलं आणि म्हणाले, “जोड. एक.”

“काका, एक विचारायचं होतं.”

“रोह्याची ना तू? विचार.”

“ही एकटी आली असती तर किती धरली असती?”

“अर्धी.”

“आणि मी एकटी आले असते तर?”

“तूबी अर्धीच. रोह्याला काय तुमाला दीड धरतात?”

पुरुष हसले. बायाही हसल्या.

“मी कॉलेजात शिकते. हे तिथे लिहिणार आहे. लिहू का?”

“लिव की,” काका म्हणाले. “चोरी हाय काय? आमच्या बापजाद्यांपासून हाय. बरोबर लिव म्हंजे झालं.”

ज्या गोष्टीवरून माझं माहेर तुटत होतं, ती गोष्ट सगळ्या गावासमोर, भर बांधावर, न लाजता सांगितली गेली. मला आनंद होण्याऐवजी पुन्हा संताप आला. लपवण्याइतकीसुद्धा ती यांना वाईट वाटत नव्हती.

आम्ही कामाला लागलो. चिखल जड असतो, पाय निघत नाही. ऊन वर यायला लागलं तशी मी खांद्यावरची झोळी चाचपत राहिले. वहिनीने ते बघितलं.

“ताई, किती वाजता हाय तुमची परीक्षा?”

“बाराच्या आत पोचायला हवं.”

“मंग जावा.”

“मी गेले तर तू अर्धी होशील.”

वहिनीने डोक्यावरचं घमेलं उतरवलं, चिखल खांडीत रिता केला, घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

“काय झालं गो?”

“काय नाय. अर्धी हाय ना मी, मंग अर्धाच दिवस करते. दुपारी घरी जाते.”

“खांड काय अर्धी भरायची?”

“ते तुमी ठरवा काका. मोजायला तुमी हाव.”

तिच्या मागे दुसऱ्या एका जोडीतली बाई होती. ती म्हणाली, “मंग मी पन अर्धाच करते की. माझ्या तर कमरेत भरलंय.” तिनेही घमेलं पालथं घातलं. तिची जोडीण हसत हसत तिच्या शेजारी टेकली. चेष्टाच चालली होती सगळी. पण खांडीत टाकायला चिखल येईना तेव्हा पुरुषांचे हात थांबले. खाडीचं पाणी चढत होतं आणि खांडीच्या तोंडाशी आतल्या बाजूला ओल धरायला लागली होती.

“उठा गो, पानी बघा,” एक जण ओरडला.

“बघतोय की. आमी अर्ध्या डोळ्यानं बघतोय,” वहिनी म्हणाली.

जिने माझ्यासमोर बसच्या वेळेपलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं, ती ही. काकांनी पाण्याकडे बघितलं, बायांकडे बघितलं, टॉवेल काढून तोंड पुसलं.

“बरं बाय, एक. उचला घमेली.”

“कोन एक?” वहिनीने बसूनच विचारलं.

“तू एक. ती एक. जी चिखल वाहते ती एक. उचला म्हनतो ना.”

“न् ताईंना जाऊ दे?”

“तुझं घर भरलं, मंग तिला मी काय बांधून ठेवू? जाऊ दे तिला.”

वहिनी उठली. तिने मला न विचारता माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं, आपलं बाजूला टाकलं आणि आईच्या घमेल्याने चिखल भरायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, बस चुकेल.”

मी उघाडीच्या पाण्यात पाय बुचकळले आणि रस्त्याला लागले. मिनीडोर रिक्षाने पेण, पेणहून रोह्याची एसटी. एसटीत पायांवरचा उरलेला चिखल वाळून सलवारीला कडक झाला. गडब गाव मागे पडल्यावर मी फाईल काढली. ते वाक्य होतं तसं ठेवलं. त्याच्याखाली लिहिलं, ‘ही पद्धत आज सकाळपर्यंत चालू होती. आज चिखल वाहणाऱ्या सगळ्या बायकांना एकेक धरलं. पुढच्या खांडीला किती धरतात, ते सांगता येत नाही.’ आधार म्हणून लिहिलं, ‘प्रत्यक्ष निरीक्षण, सर्वांसमोर विचारून व सांगून.’ खड्ड्यांमुळे अक्षर वाईट आलं, पण वाचता येत होतं.

रोह्याला उतरले, चिखल झटकला आणि बाराच्या आत कॉलेजात पोचले. आमचा वर्ग त्या दिवशीही व्हरांड्यात होता. सर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. मी फाईल त्यांच्यापुढे त्या पानावर उघडून ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसले.